कुंपणाच्या दोन्ही बाजू : विभावरी शिरूरकरांच्या वारशाची प्रस्तावना

विभावरी शिरूरकर हे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा १९३३ या एका सालाशी बांधलेले आढळते. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, त्यावरून वादळ उठले, लेखिका नेमकी कोण याविषयी तर्कवितर्क सुरू झाले, आणि पुढे ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली की पुस्तकापेक्षा पुस्तकाची कहाणीच अधिक वाचली गेली. या लेखिकेचे लेखन त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले, ‘हिंदोळ्यावर’ (१९३४), ‘विरलेले स्वप्न’ (१९३५), ‘बळी’ (१९५०) आणि ‘खरेमास्तर’ (१९५३) या कादंबऱ्यांतून ते सतत नव्या प्रदेशात शिरत गेले; परंतु वारसा म्हणून मराठी वाचकाच्या हाती जे दिले गेले ते मुख्यतः एका वादळाचे स्मरण होते. धाडसी लेखिका हे विशेषण तिला एवढे चिकटले की ते धाडस कशाविषयी होते, हा प्रश्न मागे पडला. पुढील विवेचनाची भूमिका अशी की तिचा खरा वारसा धाडसात शोधू नये, हिशेबात शोधावा. स्त्रीच्या सुखदुःखामागे पैशाचा, कायद्याचा आणि जातीचा जो हिशेब दडलेला असतो तो तिने मराठी कादंबरीत प्रथम नीट मांडला, आणि मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत सुरू झालेला तोच हिशेब तिला सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडणाऱ्या तारेच्या कुंपणापर्यंत घेऊन गेला.

येथे ‘स्त्रीवादी’ हा शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे ते सांगणे आवश्यक आहे. स्त्रीची दुय्यम अवस्था निसर्गाने ठरवलेली नसून कुटुंब, मालमत्ता, धर्मशास्त्र आणि कायदा यांनी मिळून ती घडवली आहे, आणि म्हणून ती बदलता येते, अशी भूमिका म्हणजे स्त्रीवाद. ही संज्ञा मराठीत रुळली ती प्रामुख्याने १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतरच्या चळवळींतून. तिच्या आधी चाळीस वर्षे लिहिणाऱ्या लेखिकेला ती लावताना काळाचे भान सुटू देता कामा नये. तथापि शब्द नव्हता म्हणून दृष्टीच नव्हती असे मानणेही चुकीचे ठरेल. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हाही हा शब्द नव्हता, आणि तरी त्या छोट्या पुस्तकातला संताप आजच्या कोणत्याही व्याख्येत चपखल बसतो.

मराठी कादंबरीचा जन्मच मुळी स्त्रीच्या प्रश्नातून झाला, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा निर्देश होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हिंदू विधवांच्या स्थितीवर आहे, आणि हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमूची कहाणी तिच्याच तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात सांगितली. दोन्ही लेखकांची तळमळ निर्विवाद आहे. पण बोलणारी ‘मी’ स्त्री आणि लिहिणारा हात पुरुषाचा, ही व्यवस्था त्यामुळे मराठीत रूढ झाली. स्त्री ही करुणेचा विषय ठरली, विश्लेषण करणारी बुद्धी तिच्या वाट्याला आली नाही. काशीबाई कानिटकरांसारख्या मोजक्या लेखिकांनी ही व्यवस्था मोडण्याचा यत्न केला, मात्र सुधारकी घराच्या मर्यादा सांभाळतच. यमू ज्या घरात कोमेजली त्याच घरातली पुढची, शिकलेली, पगार मिळवणारी मुलगी स्वतः लेखणी घेऊन बसली म्हणजे काय घडते, याचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाचे चौथे दशक उजाडावे लागले.

ही मुलगी म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. त्यांचा जन्म १९०५ साली पुणे जिल्ह्यातील घोडनदी-शिरूर येथे झाला आणि २००१ साली त्यांचे निधन झाले. वडील शाळामास्तर, त्यांच्याच आयुष्यावर पुढे ‘खरेमास्तर’ उभी राहिली. मुलींना शिकवण्याची वडिलांची जिद्द आणि महर्षी कर्वे यांनी हिंगण्यात उभारलेल्या संस्था, या दोन आधारांवर बाळूताईंचे शिक्षण झाले. कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले होते, आणि त्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या काही पिढ्यांपुढे एक अपूर्व पेच उभा होता. शिक्षण झाले, नोकरी मिळाली, वय वाढले. पण या शिकलेल्या, मिळवत्या, पंचविशी ओलांडलेल्या मुलीचे पुढे काय करायचे याचे उत्तर सुधारकांपाशीही नव्हते. विधवा, परित्यक्ता आणि प्रौढ कुमारिका यांच्यासोबत राहून व त्यांना शिकवून बाळूताईंनी हा पेच जवळून पाहिला. कथा लिहिण्याआधी हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावरील एका ग्रंथाचे सहलेखनही त्यांनी स्वतःच्या नावाने केले होते. वारसा, स्त्रीधन, पोटगी या विषयांचा अभ्यास करून ललित लेखनाकडे वळलेली लेखिका, ही बाब त्यांच्या कथांतील रोखठोकपणाचे मूळ शोधणाऱ्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे.

मग स्वतःच्या नावाने कायद्याचे पुस्तक लिहिणाऱ्या बाईंनी कथांसाठी टोपणनाव का घेतले? विभावरी म्हणजे रात्र, आणि शिरूरकर हे जन्मगावावरून केलेले आडनाव. अर्धे नाव अंधाराचे आणि अर्धे गावाचे, म्हणजे लपवताना पत्ताही सांगून टाकणारे असे हे नाव आहे. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी त्यामागचे गुपित निष्ठेने सांभाळले. वाचकांत मात्र तर्कांना ऊत आला. इतके उघड लिहिणारी बाई असणेच शक्य नाही, हा कोणी पुरुषच असला पाहिजे, असेही म्हटले गेले. ज्या भाषेत पुरुषांनी स्त्रीच्या तोंडून ‘मी’ म्हणणे दीर्घकाळ गोड मानून घेतले होते, त्या भाषेत स्त्रीने स्वतः ‘मी’ म्हणताच तो आवाज पुरुषाचा वाटावा, ही घटना मराठी वाचनसंस्कृतीविषयी बरेच काही सांगते.

या टोपणनावाला जगातील ज्ञातिबंधू, किंबहुना ज्ञातिभगिनी, शोधायच्या तर फ्रेंच कादंबरीकडे वळावे लागते. अमांतीन ओरोर द्युपें ही १८०४ साली पॅरिसमध्ये जन्मलेली स्त्री ‘जॉर्ज सांद’ या पुरुषी नावाने लिहू लागली आणि १८३२ साली तिची ‘इंदियाना’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा तेथेही लेखक पुरुष आहे असे अनेकांनी गृहीत धरले होते. शतकानंतर अल्जीरियात जन्मलेल्या एका तरुणीने १९५७ साली पहिली फ्रेंच कादंबरी छापताना घरच्यांचा, विशेषतः वडिलांचा, रोष टाळण्यासाठी आसिया जेबार हे नाव घेतले. तेच नाव पुढे २००५ साली फ्रेंच अकादमीच्या सदस्यत्वापर्यंत पोहोचले. सांदचे नाव पुरुषाचे, जेबारचे स्त्रीचेच पण परके, आणि शिरूरकरांचे स्त्रीचे व गावाचेही. सांदला पुरुषांच्या बाजारात उभे राहायचे होते, जेबारला घर सांभाळायचे होते. बाळूताईंच्या बाबतीत ज्या शाळेत त्या शिकवत होत्या त्या शाळेचा लौकिक आणि नोकरी दोन्ही पणाला लागलेले होते. स्त्रीशिक्षणाला विरोध करणाऱ्यांच्या हाती, पाहा शिकलेल्या मुली असे लिहितात, हे कोलीत मिळू नये, ही काळजी त्या काळी संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकीला वाहावी लागे. फ्रेंचचा विषय निघालाच आहे तर तोरू दत्त या बंगाली कवयित्रीचे स्मरणही उचित ठरेल. १८७७ साली वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी ती गेली आणि तिने लिहिलेली फ्रेंच कादंबरी १८७९ साली पॅरिसमध्ये छापली गेली. भारतीय स्त्रीने फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिण्याची घटना मराठी स्त्रीच्या खुल्या कादंबरीहून अर्धशतक जुनी आहे. परंतु परक्या भाषेत आणि परक्या पात्रांविषयी लिहिणे शक्य झाले, आपल्या भाषेत आपल्या घराविषयी लिहिणे मात्र अवघड होते.

‘कळ्यांचे निःश्वास’मधील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच एक संपूर्ण युक्तिवाद आहे. घरातील थोरली, शिकलेली मुलगी कमावते, तिच्या मिळकतीचा आधार घराला होतो, धाकट्या भावंडांची भूक आणि शिक्षण तिच्यावर येते, आणि या साऱ्यात तिचा स्वतःचा संसार दूर सरकत जातो. या कथेत दुष्ट कोणी नाही. बाप निर्दय नाही, आई कजाग नाही, मुलगीही बंडखोर नाही. ती फक्त मोजते आहे. पगार किती, खाणारी तोंडे किती, त्यांत दर दोन वर्षांनी भर किती, आणि या बेरीज-वजाबाकीत आपल्या वाट्याला काय उरते, हे तिला स्पष्ट दिसते. तोवर मराठी कथेतली मुलगी बापाच्या घरात एकतर लाडकी असे किंवा ओझे असे. बापाचे ओझे वाहणारी मुलगी ही नवी व्यक्तिरेखा होती, आणि ती कल्पनेतून आलेली नव्हती. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून संततिनियमनाचा पुरस्कार करत होते आणि त्यासाठी समाजाचा व न्यायालयाचा रोष ओढवून घेत होते. त्यांनी शास्त्राच्या भाषेत जे सांगितले त्याची किंमत घरातल्या थोरल्या मुलीला कशी मोजावी लागते हे या कथेने दाखवले. प्रौढ कुमारिकेच्या शरीराची भूक या कथांत उघडपणे आली म्हणून गदारोळ झाला असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु सभ्य घराला अधिक झोंबली असेल ती ही बेरीज-वजाबाकी. कुमारिकेच्या वासनेला अपवाद म्हणून बाजूला सारता येते, घरखर्चाच्या वहीला अपवाद म्हणता येत नाही.

‘हिंदोळ्यावर’ने हा हिशेब घरातून कायद्याकडे नेला. या कादंबरीची नायिका अचला ही पतीपासून दुरावलेली शिक्षित स्त्री आहे. लग्न संपलेले आहे पण सुटलेले नाही. अशा अवस्थेत विराग या पुरुषाशी तिचे नाते जुळते आणि त्या नात्यातून मातृत्वाचा प्रश्न उभा राहतो. आजच्या वाचकाला यातील कोंडी पूर्णपणे जाणवायची असेल तर १९३४ चा कायदा समोर ठेवला पाहिजे. मुंबई इलाख्यातील अचलेसारख्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला तेव्हा घटस्फोट मिळण्याची सोयच नव्हती. बडोदे संस्थानाने १९३१ साली तसा कायदा केला होता, परंतु इलाख्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ साली आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला, आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा व्हायला १९५५ साल उजाडले. म्हणजे अचलेचा नवरा राजरोस दुसरे लग्न करू शकत होता, अचला मात्र जिवंत असेपर्यंत त्याचीच पत्नी राहणार होती. तिच्या नीतीवर जी टीका झाली ती करणाऱ्यांनी ही विषमता बहुधा गृहीतच धरलेली होती.

या ठिकाणी सांदची पुन्हा आठवण होते आणि साम्य चकित करते. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेने पत्नीला पतीच्या आज्ञेत राहण्यास बांधून टाकले, राज्यक्रांतीने दिलेला घटस्फोट १८१६ साली रद्द झाला आणि तो पुन्हा मिळायला १८८४ साल यावे लागले. ‘इंदियाना’ ही याच मधल्या अडुसष्ट वर्षांतली कादंबरी आहे. कायद्याने दार बंद केले की कादंबरी भिंतीला कान लावून आतले ऐकते. सांद आणि शिरूरकर यांनी शतकाच्या अंतराने हेच केले. दोघींत फरक आहे तो सुटकेच्या वाटेचा. सांदने आपल्या नायिकेला शेवटी दूरच्या बेटावर, समाजाबाहेर नेऊन सोडले. शिरूरकरांपाशी असे बेट नव्हते. अचलेला याच गावात, याच शेजाऱ्यांत, याच भाषेत आपल्या निर्णयाचा अर्थ लावायचा होता, आणि म्हणूनच ही कादंबरी कलादृष्ट्या काही ठिकाणी चर्चेच्या भाराखाली वाकली तरी विचारदृष्ट्या अधिक धीट वाटते. सिमोन द बोव्हुआर यांचा ‘द सेकंड सेक्स’ या नावाने करुणा गोखले यांनी मराठीत आणलेला ग्रंथ मूळ फ्रेंचमध्ये १९४९ साली निघाला. स्त्री जन्मजात दुय्यम नसते, तिला तसे घडवले जाते, हा त्यातील विचार मराठी वाचकाला नवा वाटला खरा, पण त्या घडवण्याची प्रक्रिया पायरीपायरीने दाखवणारी कादंबरी त्याच्या भाषेत पंधरा वर्षे आधीच लिहिली गेली होती. ‘विरलेले स्वप्न’ ही दैनंदिनीच्या रूपातील कादंबरी याच विचाराला प्रेमिकांच्या अंतर्मनात उतरवते. तिच्या रचनेचे कुतूहल आज टिकून असले तरी तिने ‘हिंदोळ्यावर’च्या पलीकडे फारसे पाऊल टाकले असे म्हणता येत नाही.

पाऊल पलीकडे पडले ते आयुष्यात, आणि कादंबरीत त्यानंतर. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात बाळूताईंनी शिक्षिकेची नोकरी सोडून सोलापूर येथील गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये अधीक्षकपदाची सरकारी नोकरी पत्करली. १९३८ साली विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह होऊन त्या मालतीबाई झाल्या. सेटलमेंट या शब्दाचा अर्थ आता सांगावा लागतो, कारण सोलापुरात तो वस्तीच्या नावात अजून जिवंत असला तरी इतरत्र विस्मरणात गेला आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या कायद्याने व्यक्तीने काय केले हे न पाहता ती कोणत्या जमातीत जन्मली एवढ्यावरून तिला गुन्हेगार ठरवता येई. पुढे अशा जमातींना तारेच्या कुंपणातील वसाहतींत ठेवण्यात आले. त्यांनाच सेटलमेंट म्हणत. आतल्या माणसाने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, गिरणीत किंवा सांगितलेल्या कामावर जायचे आणि वेळेत परत यायचे. हजेरीला नाव पुकारले की हजर म्हणायचे, एवढाच त्या माणसाचा सरकारशी संवाद. मूल जन्मले की ते कुंपणाच्या आत जन्मले, आणि म्हणून संशयितच.

या अनुभवातून ‘बळी’ आकाराला आली. मांग-गारुडी जमातीच्या, कुंपणाआडच्या आयुष्यावरील ही कादंबरी १९५० साली निघाली, म्हणजे स्वतंत्र भारताने गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द करण्यापूर्वी दोन वर्षे. तोपर्यंत मराठी कादंबरीत हे लोक आलेच तर चोर म्हणून, दरोडेखोर म्हणून, कथानकाला कलाटणी देण्यापुरते येत. ‘बळी’ने त्यांना घर दिले, भूक दिली, आपसातले वैर आणि माया दिली, आणि माणूस सुधारू पाहतो तेव्हा कुंपण त्याला दोन्ही बाजूंनी कसे ओढते हे दाखवले. कुंपणाबाहेरचा समाज त्याला आत ढकलतो आणि आतली रीत त्याला बाहेर पडू देत नाही. लेखिकेने आधीच्या पुस्तकांत मध्यमवर्गीय मुलीच्या बाबतीत नेमके हेच पाहिले होते, फक्त तेथली तार दिसत नव्हती.

अचलेला आणि कुंपणातल्या स्त्रीला शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट विशेष उठून दिसते. अचलेच्या उच्चवर्णीय जगात विवाह हा न सुटणारा संस्कार होता. महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी जातींत मात्र काडीमोड, म्हणजे जातीच्या रीतीने होणारी फारकत, आणि पाट, म्हणजे स्त्रीचे दुसरे लग्न, हे दोन्ही रूढ होते. शिकलेल्या स्त्रीला नसलेली मोकळीक अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रीला होती. पण त्या मोकळिकीची किंमत जातपंचायत ठरवी, दंड पंचांच्या हाती जाई, आणि निकाल देणाऱ्यांत बाई नसे. एकीला शास्त्राने बांधले, दुसरीला पंचांनी. दोघींच्या वतीने बोलणारे पुरुषच होते. शिरूरकरांच्या लेखनाचे दोन कालखंड एकमेकांपासून तोडून, आधीचा स्त्रियांचा आणि नंतरचा उपेक्षितांचा, असे जे सांगितले जाते ते या कारणाने पटत नाही. ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे त्यांचे पुढचे पुस्तक तर शीर्षकापासूनच दोन्ही कालखंडांना जोडणारा दुवा आहे.

हा वारसा छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे मराठवाड्याच्या अंगाने, पाहिला तर त्याची मांडणी पुण्या-मुंबईहून निराळी होते, आणि प्रस्तुत प्रस्तावनेला ती निराळी मांडणीच अधिक मोलाची वाटते. १९३३ साली पुण्यात ‘कळ्यां’वरून वाद झडत होता तेव्हा हेच शहर, त्या वेळचे औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातल्या मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर आईची भाषा उंबऱ्याशी ठेवून जावे लागे, आणि मुलींच्या बाबतीत उंबरा ओलांडण्याचाच प्रश्न होता. आसिया जेबार हिने फ्रेंच शाळेत शिकताना घरातल्या स्त्रियांची भाषा आणि शाळेची भाषा यांतील जी दरी अनुभवली व आयुष्यभर लेखनाचा विषय केली, तिचे आकलन पुण्याच्या वाचकापेक्षा मराठवाड्यातील जुन्या पिढीला अधिक सहज व्हावे. अर्थात फ्रेंच ही अल्जीरियात बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांची भाषा होती आणि उर्दू ही दख्खनच्या मातीत वाढलेली, येथल्या हजारो घरांची मातृभाषा; हा भेद विसरून चालणार नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, दोन गोष्टी घडल्या ज्यांचा परस्परांशी संबंध कोणी जोडलेला नाही. ‘बळी’ प्रसिद्ध झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५८ साली येथे विद्यापीठ आले. मग गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने याच शहरातून दलित साहित्याला व्यासपीठ दिले. ज्या वाचकवर्गाची घडण अशी झाली त्याला ‘कळ्यांचे निःश्वास’मधील सदाशिवपेठी कोंडमारा दूरचा वाटला तर नवल नाही, आणि ‘बळी’मधील कुंपण ओळखीचे वाटले तर त्याहूनही नवल नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आल्यावर तर ‘बळी’ची परीक्षा घेणारे साक्षीदारच उभे राहिले.

ही परीक्षा टाळून वारशाची चर्चा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘उचल्या’ वाचून ‘बळी’कडे परतणाऱ्या वाचकाला लेखिकेच्या दृष्टीच्या मर्यादा जाणवतात. त्या कुंपणाच्या आत गेल्या, पण किल्ली असलेल्या माणसाच्या नात्याने गेल्या. हजेरी घेणाऱ्या व्यवस्थेच्या त्या कर्मचारी होत्या, हजेरी देणाऱ्यांपैकी नव्हत्या. सुधारणेवरचा त्यांचा विश्वास अधूनमधून आतल्या माणसांच्या स्वतःच्या शहाणपणावर सावली धरतो. दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे जात आणि लिंगभाव या दोन्ही दडपणांखाली जगणाऱ्या स्त्रीच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची रीत, जी शर्मिला रेगे यांनी सिद्धान्तरूपाने मांडली, तिच्या कसोटीला ‘बळी’ पूर्णपणे उतरत नाही. असे असूनही हे श्रेय त्यांचेच आहे की स्वतःच्या जातीतील व वर्गातील स्त्रीच्या दुःखावर कीर्ती मिळाल्यावर त्या तेथेच थांबल्या नाहीत. त्यांच्या समकालीन गीता साने वगळल्या तर त्या पिढीतील इतका लांबचा प्रवास केलेली दुसरी मराठी कादंबरीकार दाखवणे कठीण आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) एकमेव कादंबरी असूनही मराठीच्या श्रेष्ठ कृतींच्या यादीत पक्की बसली, आणि ‘बळी’ मात्र कित्येक याद्यांत तळटिपेला गेली. या तफावतीचा विचार समीक्षेने अजून केलेला नाही आणि तो करणे तिचे देणे आहे.

पुढच्या पिढ्यांनी हा वारसा आपापल्या परीने वाटून घेतला. गौरी देशपांडे यांच्या नायिकांनी अचलेचा प्रश्न उचलला आणि त्याला शहरी, देशोदेशी फिरणाऱ्या स्त्रीचा मोकळा श्वास दिला. मात्र घर आणि कुंपण ही दोन टोके पुन्हा एकत्र आणली ती मराठवाड्याच्याच, नांदेडला जन्मलेल्या कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी. त्यांच्या ‘ब्र’ (२००५) या कादंबरीत प्रफुल्ला ही स्वतःच्या मोडक्या संसारातून बाहेर पडलेली कार्यकर्ती आदिवासी भागातील महिला सरपंचांची दुःखे ऐकत फिरते, आणि ऐकता ऐकता स्वतःकडे पाहू लागते. राखीव जागेमुळे खुर्ची मिळालेल्या पण सही करण्यापलीकडे काही करू न दिल्या जाणाऱ्या बायांची ही कथा आहे. सोलापूरला जाऊन परतलेल्या मालतीबाईंनी जो मार्ग आखला तोच येथे सत्तर वर्षांनी पुन्हा चालला गेला, आणि या वेळी ऐकणारीने आपण किल्लीवाल्या आहोत याची जाणीवही सोबत बाळगली. एखाद्या लेखिकेचा वारसा तिचे नाव घेणाऱ्यांतच असतो असे नाही. तिने पाडलेल्या वाटेवर नाव न घेता चालणाऱ्यांतही तो असतो.

मालतीबाईंनी १९८१ साली, साहित्यातील सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. तोवर टोपणनावाची गरज कधीच सरली होती. अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे कधी आले नाही, आणि पंचाहत्तरी उलटलेल्या या लेखिकेला निषेधाच्या मांडवातले अध्यक्षपद मिळाले, हे तिच्या लेखनाच्या स्वभावाला धरूनच झाले.

नव्या वाचकाने या लेखनाकडे कोठून जावे, याविषयी शेवटी एक सूचना करावीशी वाटते. प्रकाशनाच्या क्रमाने गेले की १९३३ चे वादळ आडवे येते आणि वाचक तेथेच अडकतो. त्याऐवजी ‘बळी’पासून आरंभ करावा, हजेरीचा पुकारा, पास आणि तारेचे कुंपण नीट पाहून घ्यावे, मग ‘हिंदोळ्यावर’मधील अचलेकडे यावे, आणि अखेरीस ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा उघडावी. पहिल्या तारखेला पगार आणून बापाच्या हाती ठेवणारी मुलगीही तेथे एका हजेरीला उभी असलेली दिसेल.